कुणाच्या वेळेची वाकळ?

शिरोळ तालुक्यात पूर सालानं ओळखले जातात: २००५, २०१९, २०२१. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात, त्यामुळे दोन्हीकडचा फुगवटा आमच्याच अंगणात येतो. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ते ओसरल्यावर रस्त्याकडेला जे ढीग लागले त्यांत सगळ्यात जास्त अंथरुणं होती. भांडी घासून घेता येतात, खाट धुता येते. पण वाकळेच्या चार-पाच पदरांत शिरलेला गाळ निघत नाही आणि वासही जात नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाकळा लोकांनी ट्रॅक्टरनं उचलून टाकल्या.

त्या सालापासून माझी आई आणि गल्लीतल्या काही बायका दुसऱ्यांसाठी वाकळा शिवतात. जुनी लुगडी, साड्या, धोतरं गोळा करायची, दुपारी देवळाच्या मंडपात बसून शिवायची आणि ज्याच्याकडे अंथरूण नाही त्याला द्यायची. गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. माझी आत्या सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली. नोकरीची बरीच वर्षं तिनं जळीत आणि बालरुग्ण विभागात काढली. आईचा हा उद्योग तिला पहिल्यापासून पटलेला नाही. दोघी एकमेकींना मान देऊन बोलतात आणि तसूभरही मागं हटत नाहीत. दिवाळीला आत्या माहेरी आली तेव्हा त्यांच्यात झालेलं बोलणं इथं देते आहे. मधे मधे मी बोलले आहे, ते माझं मत म्हणून वाचावं.

आत्या : वहिनी, कामाला मी नावं ठेवत नाही. टाका असा पडलाय की दृष्ट लागावी. पण पुरात वाकळ द्यायची म्हणजे ओल्यात ओलं. श्रावणात ती वाळवायची कुठं? कोरडी असतानाच अडीच-तीन किलो भरते. भिजली की एकट्या बाईला पिळवत नाही. चार दिवस दोरीवर राहिली तरी आतला पदर दमटच. मग बुरशी, मग पोरांच्या अंगाला खाज. त्यापेक्षा सोलापुरी चादर द्या. धुवायला सोपी, वाळायला सोपी, घडी केली की पिशवीत मावते.

आई : वन्सं, २०१९ ला तुम्ही पुण्यात होता. मी इथं शाळेतल्या छावणीत होते, सगळ्या लोकांत. चादरी आल्या, ब्लँकेटं आली, ट्रक भरभरून आली. अंगावर घ्यायला एकेकाला दोन-दोन झाली. पण अंगाखाली काय होतं? शहाबादी फरशी, तीही ओल धरलेली. सातव्या महिन्यातली बाई रिकाम्या पोत्यावर निजली होती. अंगावरचं सगळ्यांना सुचतं. अंगाखालचं कुणाला सुचत नाही.

आत्या : हे मात्र खरं. वरून गारठा लागतो त्याहून फरशी जास्त ओढते. वॉर्डात खाटा कमी पडल्या की पेशंट जमिनीवर घ्यावे लागायचे, तेव्हा पहिलं काम खाली गादी सरकवायचं. पण मग ही अंथरायची वाकळ आहे असं धरून शिवा की. पाच पदर कशाला? तीन-तीन पदरांच्या दोन शिवा. एक दोरीवर वाळत असली तर दुसरी अंगाखाली राहील.

आई : तीन पदरी? ती काय वाकळ म्हणायची? पाहुणे हसतील.

आत्या : पाहुण्यांना द्यायची नाही ना.

इथं आई हसली, पण पटलं म्हणून नव्हे. पदर कमी करणं तिच्या हाताला कबूल नाही. मंडपात मी तिचं काम बघितलं आहे. खालची साडी जमिनीवर ताणून चार कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. त्यावर मधले पदर: विरलेली धोतरं, उसवून सपाट केलेले शर्ट, फाटकी चादर. वरून दुसरी साडी. कच्च्या दोऱ्यानं सगळं टाचून घ्यायचं आणि मग कडेपासून धावदोरा घालत आत यायचं, चौकोनात चौकोन. दोन ओळींत बोटभर अंतर. त्याहून जास्त सोडलं तर धुताना आतलं कापड सरकतं आणि एका कोपऱ्यात गोळा होतं. चार बाजूंना चौघी बसतात. ओळी जसजशा मध्याकडे येतात तसतशा बायका जवळ येतात, आणि शेवटचा चौकोन एकीलाच शिवावा लागतो, कारण तिथं दोन हातांनाच जागा असते. ती शेवटची ओळ कुणाची, यावरून त्यांच्यात कायम हुज्जत असते.

आत्यानं तोवर ढिगातल्या साड्या चाळायला घेतल्या होत्या.

आत्या : ह्यातल्या निम्म्या नायलॉनच्या आहेत, वहिनी.

आई : आता सुती साडी नेसतं कोण? लोक देतात तेच येतं.

आत्या : काडेपेटी आणा.

तिनं एका साडीच्या काठातून दोरा ओढला, चिमट्यात धरला आणि पेटवला. दोरा आक्रसला, वितळला, आणि टोकाला टणक मणी राहिला. मग आजीच्या लुगड्यातला दोरा पेटवला. तो कागदासारखा वास देत जळला. बोटानं चुरगाळल्यावर राख झाली.

आत्या : जळीत विभागात बाई यायची तेव्हा अंगावर काय होतं हे आम्हाला विचारावं लागत नव्हतं. सुती असलं तर कापड जळून गेलेलं असायचं. नायलॉन वितळून कातडीला चिकटलेलं असायचं. ते काढताना बाई जी ओरडायची ते अजून माझ्या कानात आहे. ज्या घरात चूल आहे आणि चुलीपाशी माणसं निजतात, त्या घरात ही वाकळ देऊ नका. आत नाही, बाहेर तर नाहीच नाही.

आई : मग या साड्यांचं काय करू? टाकून देऊ?

आत्या : पिशव्या शिवा, पायपुसणी शिवा. आणि सुती येईल ते कढत पाण्यातून काढून कडक उन्हात घाला. खरजेचा किडा माणसाच्या अंगावाचून दोन-तीन दिवसांपलीकडं जगत नाही, पण ते दोन-तीन दिवस तरी गाठोडं बांधून बाजूला ठेवायला पाहिजे. आलं आणि शिवलं असं चालणार नाही.

आईनं त्या दिवशी नायलॉनच्या साड्या वेगळ्या काढल्या. लहान बाळांसाठी शिवलेल्या दुपट्यांवरून मात्र दोघी पुन्हा अडल्या. आईला तान्ह्या बाळांसाठी जाडजूड वाकळा शिवायची हौस आहे. आत्याचं म्हणणं, वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर असलं काही नको. तोंडावर आलं तर त्याला दूर सारता येत नाही. कमी वजनाच्या बाळाला ऊब द्यायची तर ती आईच्या छातीची. कोलंबियातल्या बोगोटामध्ये डॉ. एडगर रे यांनी १९७८ मध्ये हीच पद्धत सुरू केली आणि आता आपल्याकडच्या रुग्णालयांतही 'कांगारू मदर केअर' या नावानं ती शिकवतात. आत्या म्हणाली, शिवायचंच असेल तर बाळाला छातीशी बांधायची झोळी शिवा, आईसाठी. आईला हे पटलं, पण चेहरा पडला.

मग आई स्वतःहून एका गोष्टीवर आली. त्याबद्दल ती सहसा बोलत नाही.

आई : एक वाकळ परत आली होती. पुरात घर पडलेली बाई, आपल्याच गावची. तिनं वाकळ उघडली, हात फिरवला, टाके बघितले. मग विचारलं, "हे लुगडं कुणाचं?" मी नाव सांगितलं. ती म्हातारी त्याच साली वारली होती. बाईनं नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "वैनी, गारठ्यात राहू, पण हे नको." मला फार लागलं ते, वन्सं. आठ दिवस बसून शिवलेली होती.

आत्या : तिला त्याहून जास्त लागलं असेल.

आई : का? आपल्या घरात आपण मेलेल्या माणसाच्याच कापडाची वाकळ शिवतो की. सासूबाईंच्या लुगड्याची वाकळ तुम्ही माझ्याकडून मागून नेलीत. अजून ट्रंकेत जपून ठेवलीय.

आत्या : ती माझ्या आईची होती, वहिनी. मी मागून घेतली. त्या बाईनं मागितली नव्हती.

त्या बाईच्या नकारामागं आपल्या गावांचा इतिहास उभा आहे. गावकीच्या कामाच्या बदल्यात महार समाजाला जे 'हक्क' म्हणून मिळायचं त्यात उरलंसुरलं अन्न असायचं आणि मढ्यावरचं कापडही असायचं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टं-शिळं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडून द्यायला सांगितलं, आणि माणसांनी उपाशी राहून ते पाळलं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी असं काही नाकारून मान मिळवला, त्यांच्या दारात आपण गेलेल्या म्हातारीचं लुगडं घेऊन जातो. आपल्या मनात माया असेल. तिच्या हातात जे पडतं ते उतरलेलं कापड असतं. तेच लुगडं घरात माया असतं आणि वेशीबाहेर गेलं की दुसरं काही होतं. आईला हे कळत नव्हतं असं नाही. तिला त्या दिवशीच कळलं होतं, म्हणूनच तर ते इतकं लागलं.

मी दोघींना दोन गोष्टी सांगितल्या. अमेरिकेत डेन्व्हरला १९९५ मध्ये कॅरन लाउक्स या बाईनं 'प्रोजेक्ट लायनस' सुरू केला. सुरुवात कर्करोगाशी झगडणाऱ्या मुलांपासून झाली; आता गंभीर आजारी किंवा संकटातून गेलेल्या मुलांसाठी तिथल्या बायका गोधड्या शिवून देतात. त्यांची अट अशी की गोधडी हातानं केलेली हवी, धुता येणारी हवी आणि नवी हवी. दुसरी गोष्ट आपल्या देशातली. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, कारण त्यातलं बरंचसं तिथल्या कोळी बायकांना वापरण्याजोगं नव्हतं. जुन्या कापडाचं काम करणारी अंशू गुप्ता यांची 'गूंज' ही संस्था तेव्हा ते निवडायला पुढं आली. ही संस्था कापड फुकट वाटत नाही. गावानं आपल्या गरजेचं काम ठरवायचं, विहीर असो, बंधारा असो, बांबूचा पूल असो. ते केलं की मोबदला म्हणून कपडे मिळतात. त्यांच्याकडं उरलेल्या तुकड्यांच्या सुजनी, म्हणजे आपल्या वाकळेची बिहारी बहीण, बायकांकडून मजुरी देऊन शिवून घेतात.

आई : म्हणजे वरचं आणि खालचं कापड नवं पाहिजे.

आत्या : हो. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर आहे. मागावरचं कोरं सुती कापड वारावर मिळतं. वरचा-खालचा पदर नवा घ्या, आत जुनं घाला.

आई : आत जुनं घालून वरून नवं दाखवायचं? ही तर फसवणूक.

आत्या : सांगून द्या. आत काय आहे ते सांगायचं, कुणाचं आहे विचारलं तर तेही सांगायचं. नको म्हणाली तर राग धरायचा नाही.

माझ्या मते त्या सबंध दुपारी झालेलं सगळ्यात शहाणं बोलणं हे होतं. आणि नेमकं त्यानंतर भांडण तापलं. आत्यानं इतका वेळ राखून ठेवलेला प्रश्न विचारला.

आत्या : वहिनी, तुमच्या गटात सात-आठ जणी आहेत. त्यातल्या किती जणी दुसऱ्याच्या रानात भांगलायला जातात?

आई : तिघी.

आत्या : मग दुपारी येतात कशा?

आई : सकाळचं भांगलून येतात. मी कुणाला बोलावत नाही. आपण होऊन येतात.

आत्या : त्या तुमच्याच रानात कामाला असतात. तुम्ही नाही बोलावलं तरी त्यांना यावं लागतं.

आई : असं बोलू नका, वन्सं.

आत्या : बोलते. एका वाकळेला एका बाईचे किती दिवस लागतात?

आई : सलग बसली तर आठ.

आत्या : रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये आहे. आठ दिवसांचे २,४९६ झाले. पुरात घर बुडालं तर सरकार कपड्यालत्त्याच्या नुकसानीबद्दल एका कुटुंबाला २,५०० रुपये देतं. म्हणजे एका घराचं सगळं कापडचोपड गेलं त्याची जी भरपाई, तेवढी मजुरी एका वाकळेत जाते, आणि त्यातला आपला वाटा त्या तिघींतली प्रत्येक जण फुकट घालते. आणि घालते कुणासाठी? तिच्याचसारख्या दुसऱ्या बाईसाठी. तुम्ही-मी दिलं तर ते दान. माझी पेन्शन आहे, तुमचा ऊस आहे. तिनं दिलं तर ती वेठ.

बराच वेळ आईनं हातातला दोरा सुईत ओवायचा प्रयत्न केला. मग ती जे बोलली त्याला आत्याकडं चटकन उत्तर नव्हतं.

आई : त्या तिघींची घरंही २०१९ ला पाण्यात होती. छावणीत रांगेत उभ्या राहिल्या, पॅकेट घेतलं, चादर घेतली, फोटोला उभ्या राहिल्या. कुणी काही दिलं की हात पुढं करायचा, एवढंच त्यांच्या वाट्याला येतं. इथं येतात तेव्हा त्या देणाऱ्यांत बसतात. शेवटची ओळ कुणी घालायची म्हणून माझ्याशी भांडतात. रानात माझ्याशी कधी भांडल्या नाहीत. तुम्ही मजुरी दिलीत की त्या परत कामाला आल्या. मग त्यांनी कधी कुणाला काही द्यायचंच नाही का?

आत्या : द्यायचं की. पण त्यांनी ठरवून द्यायचं. मजुरी सगळ्या दिवसांची हातात ठेवा. मग एखादी म्हणाली, ही एक वाकळ माझ्याकडून, तर ते दान. पैसे हातात आल्याशिवाय ते सोडता येत नाहीत.

दोघींच्याही बोलण्यात मला खरं दिसतं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या बायकांनी रेड क्रॉसमार्फत ब्रिटनला रजया पाठवल्या. त्यांचा आकडा चार लाखांच्या आसपास सांगतात. लंडनमधल्या बॉम्बहल्ल्यांत घर गेलेल्या माणसांनी आणि रुग्णालयांतल्या सैनिकांनी त्या पांघरल्या. प्रत्येकीच्या मागं संस्थेची एवढीशी पट्टी असायची, शिवणारीचं नाव बहुधा नसायचं. इतक्या बायकांचा इतका वेळ, आणि हिशेबात एक पट्टी. याउलट 'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर' ही सैनिकांसाठी रजया करणारी अमेरिकी संस्था २००३ मध्ये सुरू झाली. तिथं रजईच्या मागं शिवणारीच्या नावाचं लेबल लावावंच लागतं.

आणि अलाबामातल्या विल्कॉक्स परगण्याची हकिगत तर आत्याच्या बाजूची साक्षच आहे. तिथल्या काळ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या फाटक्या कामाच्या कपड्यांच्या रजया शिवत, कारण घरात दुसरं काही नव्हतं. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून काही कुटुंबांना जमीनमालकांनी घराबाहेर काढलं. १९६६ मध्ये फ्रान्सिस वॉल्टर या धर्मगुरूनं त्यांच्या रजया दहा-दहा डॉलरला विकत घेतल्या आणि न्यूयॉर्कला लिलावात मांडल्या. त्यातून बायकांची 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. त्यांना कुणी रजया दान केल्या असत्या तर त्यांना एक रजई जास्त मिळाली असती. विकत घेतल्या म्हणून हातात पैसा आला, आणि मालकाच्या मर्जीबाहेरची कमाई आली.

आत्याचं म्हणणं ऐकून घेऊन आईनं विषय पुरावरून काढला आणि उसाच्या फडाकडं नेला.

आई : मला निराळंच सांगायचंय. मार्गशीर्षात पहाटे मी पाणी पाजायला रानात गेले होते. शेजारच्या फडात तोड चालली होती. बांधावर एक पोर खताच्या पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं. आई-बाप दोघं आत कोयता चालवत होते. दव असं पडलं होतं की माझ्या पायाला कळ येत होती. पुरात साऱ्या जगाचे ट्रक येतात. ह्यांच्याकडं कोण येतं? दर साली कार्तिक लागला की बीड-नगरकडनं येतात, चैत्रापर्यंत आपल्या रानाच्या कडेला कोप्या घालून राहतात.

आत्या : त्यांना वाकळा शिवता येत नाहीत होय?

आई : आपल्यापेक्षा चांगल्या येतात. मी कोपीत जाऊन बघितलं. त्या बाईच्या वाकळेच्या ओळी इतक्या जवळजवळ होत्या की मी मोजत बसले. म्हणाली, लग्नाआधी शिवलेली. लग्नानंतर एकही नाही. कधी शिवणार? पहाटे तीन-चारला फडात, उजाडल्यावर मोळ्या बांधायच्या, डोक्यावरनं वाहून ट्रॉलीत चढवायच्या, ट्रॉली रात्रीची आली तर रात्रीची भरायची. मधे पाणी, मधे भाकरी. कापड आहे तिच्याकडं, सुई आहे, हात तर सोन्याचा आहे. वेळ नाही.

आत्या : वेळ मुकादमानं आगाऊ घेतलेला असतो. उचल देऊन. एक दिवस पडली तर खाडा. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गेलं, त्याच्या मुळाशी हाच खाडा होता. पाळीत काम चुकायला नको, दुखण्यात दिवस मोडायला नको. बाईनं वेळ वाचवायला शरीरातला अवयव काढला, वहिनी. तिथं वाकळ कसली शिवतेय.

आई : म्हणून म्हणते. मी तिला कापड देत नाही. तिचे आठ दिवस देते.

वाकळेत कापड थोडं असतं आणि वेळ फार असतो. आईचा गट वाटतो तो वेळच. म्हणून मला आत्याची मजुरीची अट आणि आईचा ऊसतोड कामगारांचा आग्रह या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत. ज्या बाईला आठ दिवस मिळत नाहीत तिला ते द्यायचे असतील, तर ते जिच्याकडं असतात तिच्याकडून घ्यावेत. भांगलून आलेल्या बाईचे आठ दिवस फुकट घेऊन तोडीवरच्या बाईला देणं म्हणजे एका गरिबीतून काढून दुसऱ्या गरिबीत घालणं आहे. आणि पुरात पाण्यानं वाकळेचा अर्धा उपयोग संपतो, थंडीतल्या कोपीत तो पुरा होतो. उन्हाळ्यात शिवावी, दिवाळीनंतर द्यावी, असं मी म्हटलं. यावर दोघींचं एकमत झालं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

आत्या : मग मशीनवर शिवा. दिवसाला एक होईल.

आई : मशीनवर मी एकटी शिवीन. बाकीच्या येऊन काय करतील?

आत्या : तुम्हाला वाकळ द्यायचीय की मंडपात बसायचंय?

आई : दोन्ही. त्यात चोरी कसली? आणि मजुरीचं म्हणाल तर देऊ. तिघींची देऊ. कुठनं देऊ ते सांगा.

आत्या : दोघींची मी पेन्शनमधून देते.

आई : तिसरीची कारखान्यानं द्यावी. त्याच्याच उसाला आलेली माणसं आहेत.

आत्या : कारखाना म्हणेल, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणेल, ठेकेदाराला.

आई : म्हणू दे. विचारायला काय जातंय? पण मी एकटी नाही जाणार. तुम्हाला सरकारी भाषेत बोलता येतं, तुम्ही चला.

आत्या : येते. पण त्याआधी कोप्यांवर जायचं. अंथरायला पाहिजे की पांघरायला, लांबी किती, बैलगाडीत नेणार की ट्रॉलीत, हे विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही.

आई : आणि त्या म्हणाल्या, वाकळ नको, पैसे द्या, तर?

आत्या : तर पैसे द्यायचे.

आई : मग आम्ही शिवायचं कुणासाठी?

आत्या : दहा कोप्यांत दोघी तरी वाकळ मागतील. त्या दोघींची मापं घेऊन या.

आई : दोघी काय म्हणता, निम्म्या मागतील. आणि एक सांगते वन्सं, त्या तीन पदरी मागणार नाहीत.